दोन शर्ट

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने उगवत्या सूर्याचा फोटो टाकला. खाली लिहिलेलं, 'मोटिव्हेटेड राहा, प्रत्येक संकटात संधी असते.' वर मला टॅग. याच माणसाला महिन्यापूर्वी विचारलं होतं, तुमच्याकडे जागा निघालीय, रेफर करशील का? दोन निळ्या टिका आल्या आणि विषय संपला. सूर्य मात्र अगदी वेळेवर उगवला.

मला कामावरून कमी केलं त्याला पाच महिने झाले. अकरा मिनिटांची ऑनलाइन मीटिंग, बाराव्या मिनिटाला लॅपटॉप लॉक. सव्वाचार वर्षं भरली होती, म्हणजे ग्रॅच्युइटीला, नोकरी सुटताना कंपनी देते त्या रकमेला, लागणाऱ्या पाच वर्षांच्या अलीकडेच गाडी थांबली. असो.

मला आमच्या इस्त्रीवाल्याबद्दल सांगायचंय. मुलुंडला आमच्या जिन्याखाली त्याचं टेबल असतं. नोकरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात दूध आणायला उतरलो, तर म्हणाला, "साब, आजकल कपड़े नहीं दे रहे?" आईला, सासरी, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना आम्ही 'वर्क फ्रॉम होम' सांगून ठेवलं होतं. पण त्याच्या हिशेबात माझे आठवड्याचे पाच शर्ट कमी भरत होते! वर येऊन बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. कपाटातले दोन धुतलेले शर्ट काढले, हाताने चुरगळले आणि म्हणाली, "देऊन ये."

तेव्हापासून दर सोमवारी दोन शर्ट खाली जातात. आले की घालावे लागतात. शर्ट घातला की दाढी होते, दाढी झाली की लोळवत नाही. नऊ ते साडेबारा अर्ज, फोन, जुन्या ओळखी उकरणं. आठवड्याला वीस रुपयांत एवढं होतं. तुमचा सूर्य फुकट असून काही करत नाही.

आणि मोटिव्हेशन घालवतं कोण, तेही ऐका. जाहिरातीत लिहितात 'इमिजिएट जॉइनर हवा'. बरं, मी उद्या येतो. तर समोरची मुलगी विचारते, "सर, तुम्ही सध्या रिकामे का आहात?" अगं बाई, नव्वद दिवसांची नोटीस असलेला माणूस तुला चालत नाही आणि मोकळा माणूस बघून शंका येते! तीन-तीन राउंड घेतात, घरी करायला प्रेझेंटेशन देतात, मग चिडीचूप. नाही म्हणायला एक ओळ लागते हो. आपल्या आयांनी आपल्याला भिकाऱ्यालाही 'पुढे जा बाबा' म्हणायला शिकवलंय.

गेल्या आठवड्यात लोअर परळला बोलावलं होतं. करी रोडला उतरून चालत गेलो. गिरणीच्या जुन्या आवारात काचेची इमारत. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार होते, कित्येकांना परत गेट दिसलंच नाही. कबूल, त्यांच्यापुढे आमचं दुखणं गादीवरचं. आमच्याकडे बायकोचा पगार तरी आहे. पण म्हणून ते दुखणं नाही असं नाही. त्या दिवशी सोमवारचाच शर्ट होता. चाळीस मिनिटं रिसेप्शनवर बसवून 'पोझिशन होल्डवर गेलीय' म्हणाले. घरी आलो तर कॉलरची घडीसुद्धा मोडली नव्हती.

मघाशी चिडून मित्राला फोन केला. दोन वाक्यं झाली आणि त्याचा आवाज बसला. त्यांच्याकडेही कमी करायच्यांची यादी फिरतेय म्हणे, नाव कुणाचं कळत नाही, म्हणून कुणाची शिफारस करायला हात धजावत नाही. मग तो फोटो तो स्वतःलाच पाठवत होता की काय, कोण जाणे. तरी मला टॅग करायचं काही कारण नव्हतं.

इस्त्रीवाल्याला सगळं कळलंय, बहुतेक. मागच्या सोमवारी शर्ट उलटसुलट करून बघितला, म्हणाला, "ये तो पहना ही नहीं है, साब." मी म्हटलं, "कर रे." त्याने केली, पैसे घेतले, पुढे काही विचारलं नाही.

उद्या अकराला व्हिडिओवर मुलाखत आहे. निळा शर्ट खाली दिलाय. पँट दिली नाही, ती कॅमेऱ्यात येत नाही. दहा रुपये वाचले.