जुळ्या कणांतून निरोप जात नाही

इंदुरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘2022च्या नोबेलने सिद्ध झालं! जुळे कण कितीही दूर असोत, एकाला हलवलं की दुसऱ्याला तत्क्षणी कळतं. म्हणजे निरोप प्रकाशाहून वेगाने जातो, मनःशक्तीने दुरूनही आजार बरा होतो, गोळ्यांची गरज नाही.’

नोबेल खरं आहे. ॲस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर या भौतिकशास्त्रज्ञांना ते मिळालं. पुढचं सगळं चूक.

आधी निरोपाचं. जुळे कण म्हणजे ज्यांच्या मोजमापांचा एकमेकांशी मेळ असतो अशी जोडी. अशा अनेक जोड्यांतला एकेक कण इंदूरच्या राजवाड्यापाशी, दुसरा ग्वाल्हेरला आहे असं धरा. इंदूरवाला आपले कण एकामागून एक मोजतो: 0, 1, 1, 0, 1... निम्मे शून्य, निम्मे एक, क्रम कसलाच नाही. ग्वाल्हेरवाल्याने कोणत्या दिशेने मोजलं, किंवा मोजलंच नाही, तरी इंदूरच्या आकड्यांचं प्रमाण तसूभरही बदलत नाही. मग निरोप वाचायचा कशातून? दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तरच मेळ दिसतो, आणि ग्वाल्हेरचे आकडे इथवर यायला फोन नाहीतर गाडीच लागते.

1982 साली भौतिकशास्त्रज्ञ निक हर्बर्ट यांनी यावर तोड सुचवली होती: कणाच्या भरपूर प्रती काढा आणि त्यांवरून निरोप ओळखा. वूटर्स, झुरेक आणि डीक्स यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की अनोळखी क्वांटम स्थितीची (म्हणजे कणाच्या अवस्थेची) हुबेहूब प्रत निघूच शकत नाही. क्वांटम कूटलेखनाची, म्हणजे अशा कणांच्या आधारे निरोप गुप्त ठेवण्याच्या पद्धतीची, सुरक्षितता आज याच नियमावर उभी आहे. चुकीच्या दाव्याला कोणीतरी नेटाने उत्तर दिलं, म्हणून हे हाती आलं. मला याचं फार मोल वाटतं.

मग नोबेल कशाचं? उत्तरं कणांजवळ आधीच ठरलेली असतात आणि दूरच्या मोजमापाचा इथे परिणाम होत नाही, ही दोन्ही गृहीतकं धरली तर मोजमापांतून काढलेला एक आकडा 2 च्या वर जात नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या 1964च्या कामातून निघालेली ही मर्यादा प्रयोगांत मोडते. म्हणजे ही दोन्ही गृहीतकं एकत्र खरी असू शकत नाहीत; नोबेल अशा प्रयोगांचं आहे.

मनाचा तर इथे प्रश्नच येत नाही. मोजतं ते यंत्र. खोलीत माणूस नसला तरी आकडे तेच.

उरला आजार. 2015 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये 1.3 किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन असे जोडले. हिरे उणे 269 अंशांच्या आसपास गार ठेवले होते, तरी 220 तासांत मोजण्याजोग्या जोड्या मिळाल्या 245. एवढ्या जपून जुळवाव्या लागणाऱ्या नात्यावर कोणाची साखर किंवा रक्तदाब सोपवू नका. घरातल्या ज्येष्ठांनी तो मजकूर वाचून गोळ्या बंद केल्या असतील, तर आजच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.