जुन्या बाजारपेठेचा उद्धार : होऊ घातलेल्या नगराध्यक्षांस काही सूचना

वाचकहो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या गळ्यात नगराध्यक्षपदाची माळ पडलीच, तर पहिल्या आठवड्यात व्यापाऱ्यांचे शिष्टमंडळ तुमच्या दालनात येईल, निवेदन देतानाचे छायाचित्र काढून घेईल आणि जुनी बाजारपेठ ओस पडत चालली आहे, असे गाऱ्हाणे मांडील. अशा वेळी गांगरून जाऊ नये. बाजारपेठेचे पुनरुज्जीवन कसे करावे, याचे पुरेसे शिक्षण मला गेल्या गुरुवारी आमच्या गावात दोन तासांत मिळाले असून ते मी इथे विनामूल्य देत आहे. गावाचे नाव मुद्दाम घेत नाही. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतले कोणतेही मध्यम शहर डोळ्यांसमोर आणावे, वर्णन जुळेल.

सर्वप्रथम दोष मोबाइलला द्यावा. तो सभात्याग करीत नाही.

त्यानंतर घरून काम करणाऱ्या तरुण पिढीला नावे ठेवावीत. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडी-खराडीची पोरे लॅपटॉप पाठीला लावून गावाकडे परतली. पुढे बरीचशी पुन्हा पुण्याला गेली, तरी काही इथेच राहिली, तर काही महिन्यातून चार दिवस कंपनीत तोंड दाखवून उरलेला महिना इथल्या माडीवर बसून काम करतात. मी त्यांतलाच एक. शिकलेले पोर पुण्याला जाते आणि त्याची कमाई पुण्यातच खर्च होते, अशी हळहळ या प्रदेशाने दोन पिढ्या केली. आता तेच पोर पुण्याचा पगार घेऊन बाजारापासून अर्ध्या कोसावर राहते, दुपारी चारला चहासाठी घराबाहेर पडू पाहते आणि त्याच्या खिशात पैसेही असतात. अशा माणसाला बाजारात पाऊल ठेवू न देणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे, त्यासाठी नेतृत्व लागते.

नेतृत्वाशिवायही ते साधते, हे आपण सिद्ध केले आहे, ती गोष्ट निराळी. छत्रपती संभाजीनगरच्या नगरसेवकांची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला 2026 चा जानेवारी उजाडला. मधली पावणेसहा वर्षे शहर प्रशासकांच्या हाती राहिले. लातूर आणि परभणीच्या महापालिकांचेही 2022 पासून तेच झाले. म्हणजे घरून काम करण्याच्या या युगात ज्यांना कामावर येण्याचीच सोय नव्हती, असे आपल्याकडचे मोठे पद नगरसेवकाचे होते.

निवडून आल्यावर लगेच परदेशी अभ्यासदौरा काढावा. सॅन फ्रान्सिस्को उत्तम. माणसे घरी बसून काम करू लागल्याने तिथल्या कार्यालयांची एक तृतीयांशाहून अधिक जागा 2024 मध्ये रिकामी होती, त्यामुळे छायाचित्रांत मागे गर्दी येत नाही. मात्र तिथल्या नगरशासनाने 2023 मध्ये रिकामे गाळे छोट्या धंदेवाल्यांना काही महिने विनाभाडे मिळवून देण्याची योजना काढली, तिकडे लक्ष देऊ नये. कॅनडातल्या कॅलगरीला तर फिरकूच नये. त्या शहराने 2021 पासून रिकाम्या कचेऱ्यांची घरे करणाऱ्या मालकांना चौरस फुटामागे 75 कॅनेडियन डॉलर देऊ केले, जेणेकरून माणसे पेठेतच राहायला यावीत आणि दिवे लागावेत. असल्या गोष्टी पाहून मन विचलित होते. आपल्या व्यापारी संकुलाचे अनामत रकमेपायी वर्षानुवर्षे न उठलेले गाळे, त्यांच्या शटरवरचे रंगाने घातलेले क्रमांक, खाली पानाच्या पिचकाऱ्या आणि पावसाळी नळाच्या सांध्यातून उगवलेला पिंपळ, हे सारे जसेच्या तसे राहू द्यावे. पिंपळ पवित्र असतो.

बाजारपेठ कशामुळे बसली, याच्या खोलात शिरू नये. शिरलात, तर भलत्याच गोष्टी हाती लागतील. आधी जुना मोंढा गावाबाहेर गेला, त्याच्याबरोबर हमाल, अडते, बैलगाड्या आणि दुपारची भजी गेली. मग कचेऱ्या एकेक करून वळणरस्त्यावरच्या नव्या इमारतींत गेल्या. 2020 च्या फेब्रुवारीअखेरीस शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि पेठेचा शनिवार गेला. सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर उतरवता येऊ लागला, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण पूर्वी तो सातबाऱ्यासाठी एसटीने यायचा, साहेब जागेवर नसल्याने दिवसभर थांबायचा आणि थांबला म्हणून पोरांना चपला, कारभारणीला लुगडे आणि घरच्यांसाठी पावशेर बालुशाही घेऊन जायचा. आपली निम्मी पेठ साहेब जागेवर नसण्यावर उभी होती. आता लोकांना यावे लागत नाही. तेव्हा त्यांना यावेसे वाटले पाहिजे, एवढा साधा हिशेब आहे, आणि तो कुणी मांडू लागलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

सेल्फी पॉइंट अवश्य उभारावा. गावाचे नाव, लाल बदाम, रात्री निळे दिवे. जागा अशी निवडावी की जिथे पूर्वी चाळीस दुचाक्या उभ्या राहत. दुचाक्या मग दुकानांसमोर लागतात, तेथून त्या उचलून नेता येतात आणि दंडाची आवक सुरू होते.

पाण्याबद्दल काही लिहीत नाही. आठवड्याचा वार आपापला ठाऊक आहेच.

आता मुख्य सूचना. महिलांसाठी प्रसाधनगृह बांधावे, त्याचे उद्घाटन 8 मार्चला करावे आणि त्याला कुलूप लावावे.

गुरुवारी मी आईला घेऊन पेठेत गेलो होतो. पुतणीच्या लग्नाचा आहेर घ्यायचा होता. मी म्हटले, मोबाइलवर दाखवतो, पसंत कर. आई म्हणाली, लुगड्याचा पोत काचेवर कळत असतो का? तिच्या लग्नाचा बस्ता ज्या दुकानातून आला, तिथेच तिला जायचे होते. वय अडुसष्ट, मधुमेह आहे. दुकानदाराने गादीवर बसवून पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तिने हात जोडून परत केला आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की बाजारात जायचे म्हणून ती सकाळपासून पाणी पीतच नव्हती. मधुमेहाचे माणूस, मे महिन्याचे ऊन. इतकी वर्षे या गावातल्या बायका बाजाराला अशाच येत आल्या आहेत, आणि मला ते चाळिशीत कळले.

तरीही तासाभरात तिला जावे लागलेच. जुन्या मोंढ्याच्या कमानीमागे इमारत आहे. गुलाबी रंग, कोनशिलेवर मानाच्या क्रमाने अकरा नावे, दाराला कुलूप, आणि कुलपावर इतका गंज की ते मार्चच्या नऊ तारखेनंतर कुणी उघडले नसावे. शेजारी केळीवाली बसते. ती म्हणाली, ‘चावी ठेकेदाराच्या माणसाकडं असती. साहेबाचा दौरा असला की उघडितेत.’ संबंधित कार्यालयात फोन केला. एका टेबलाने सांगितले, बांधकाम आमचे, चालवणे आमच्याकडे नाही. दुसरे म्हणाले, चालवणे आमच्याकडे, पण इमारत अजून हस्तांतरित झालेली नाही. तिसऱ्या टेबलाने मला लेखी अर्ज करण्यास सांगितले. लेखी अर्ज! आई कमानीला हात लावून उभी होती, कपाळावर घाम आलेला, आणि मी प्रतिलिपी कुणाकुणाला पाठवायची ते ऐकून घेत होतो. शेवटी केळीवालीनेच तिला मागल्या बोळातल्या ओळखीच्या घरी नेले. परत आल्यावर आई दुकानाकडे वळली नाही. म्हणाली, ‘लेकरा, घरी चल. पुढच्या बारीला तू मोबाइलवरच माग.’

पंचेचाळीस वर्षांचे गिऱ्हाईक. दुकानदाराने सहा लुगडी उलगडून ठेवली होती, ती तशीच राहिली. तिला मोबाइलने तोडले नाही, घरून काम करणाऱ्या तिच्या पोरानेही नाही. तो तर तिला हाताला धरून तिथे घेऊन आला होता.

पुढची सूचना सायंकाळच्या दिव्यांच्या रोषणाईविषयी होती, ती आता लिहवत नाही. साहेब, आणि साहेबांच्या शेजारी कोनशिलेवर बसलेल्या बाकीच्या दहा जणांनो, तुम्हाला जराही लाज वाटत नाही का? बाजारपेठ वाचवा म्हणून तुम्ही परिसंवाद घेता, सल्लागार नेमता, आराखड्याची रंगीत चित्रे फलकावर लावता, आणि त्या चित्रांत झाडाखाली हसत चाललेली बाई दाखवता. खरी बाई ताटकळत उभी असते, तेव्हा तुमचे कार्यालय तिच्या मुलाला अर्ज लिहायला सांगते. लोक पेठेत येत नाहीत, असे पुन्हा म्हणू नका. आम्ही आलो होतो, पैसे घेऊन आलो होतो, दुपारी, उन्हात. बसायला सावलीत बाकडे नव्हते, गाडी लावायला जागा नव्हती आणि जिथे जायचे त्या दाराला तुमचे कुलूप होते. परदेश पाहायची गरज नाही, आराखडाही नको. ते कुलूप तोडा, नळाला पाणी द्या, झाडायला माणूस ठेवून त्याचा पगार दर महिन्याला करा, आणि चावी त्या केळीवालीकडे द्या. ती सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तिथेच असते.