पंचगंगेच्या घाटावर एक फलक हवा

धाकट्याचा कान परवा पुन्हा ठणकला. मे महिन्यात त्याला नदीला पोहायला मीच नेलं होतं. तरंगायला पाठीला डबा बांधून, कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाच्या त्याच पायऱ्यांवरून, जिथे वडिलांनी मला पहिल्यांदा पाण्यात सोडलं होतं. आदल्या संध्याकाळी वळीव झाला होता. पाणी जरा गढूळ होतं, तेवढंच. तिसऱ्या दिवशी पोराला जुलाब सुरू झाले आणि आठवड्यात कान फुटला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "कुठं पोहायला गेला होता?"

घाटावर रोज येणारे एक आजोबा तेव्हा म्हणाले होते, "काय हुत न्हाई, घाला पोराला पाण्यात. आमी चाळीस वरसं पवतोय." त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते मान वर ठेवून सावकाश हात मारतात. पोरं मुटके मारतात, बुडी घेतात आणि हसता हसता घोटभर पाणी पितात.

त्या घोटात काय असतं, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मानक आहे: १०० मिलीलीटर पाण्यात, म्हणजे साधारण अर्ध्या पेल्यात, मैल्यातून येणारे कोलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत असावेत. फार तर २५००, त्यापुढे नाही. हे जिवाणू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहतात. ते सगळेच रोग करतात असं नाही, पण ते सापडले की समजायचं, पाण्यात मैला आहे. मैल्याबरोबर विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतूही येऊ शकतात. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. नितळ पाणीही दूषित असू शकतं.

आणि वळीव? तोच तर घात करतो. रस्त्यांवरची, गोठ्यांची, उघड्या गटारांची सगळी घाण पहिल्या पावसात नदीत उतरते. शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं सांडपाणी उपसून शुद्धीकरणाला पाठवतात, पण नाल्याला लोंढा आला की ते नदीला मिळतं. पोराला न्यायला मी नेमका तो दिवस निवडला.

पाणी तपासलं जात नाही असं नाही. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी नमुने घेतं, आकडे संकेतस्थळावर टाकतं. पण टॉवेल खांद्यावर टाकून घाट उतरणारा बाप संकेतस्थळ उघडून कोलिफॉर्म बघणार आहे का? शिवाय परीक्षेला वेळ लागतो. नमुना नळ्यांत घालून उबेत ठेवतात. आत एक चिमुकली नळी उलटी बसवलेली असते. तिच्यात वायूचा बुडबुडा धरला की जिवाणू आहेत. यात एक-दोन दिवस जातात, म्हणजे आकडा येतो तो कालचा. म्हणून पावसाचा नियम जोडीला हवाच: जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाण्यात उतरायचं नाही.

पॅरिसमध्ये सेन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. जुलै २०२५ मध्ये तिथे लोकांसाठी पोहण्याच्या जागा उघडल्या. पाण्यापाशी झेंडा असतो, आणि पाऊस होऊन पाणी बिघडलं की लाल. उघडल्यानंतर पहिल्याच दिवसांत पावसामुळे पोहणं बंद ठेवावं लागलं, आणि ठेवलं. नदी साफ करायला त्यांनी अब्जावधी ओतले. ते आपल्याला लगेच जमणार नाही. पण झेंड्याला किती पैसे लागतात?

नदीच्या खालच्या अंगाला इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या साथीत माणसं गेली. आपल्या गटाराचं पाणी पुढच्या गावाच्या वाट्याला जातं. आणखी खाली नृसिंहवाडीला, कृष्णेच्या संगमावर, लोक याच पाण्यात स्नान करून ओंजळभर तोंडातही घेतात.

मला घाटावर तीन गोष्टी हव्यात: शेवटच्या तपासणीची तारीख आणि आकडा, हिरवा-लाल झेंडा, आणि पावसाचा नियम. मोठ्या मराठी अक्षरांत, कपडे बदलतो तिथल्या भिंतीवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तरी दर आठवड्याला नमुना घ्या.

महापालिकेसाठी अर्ज लिहून ठेवलाय. रविवारी सकाळी सात वाजता घाटाच्या पायऱ्यांवर सह्यांना बसतो. रोज पोहायला येणाऱ्यांनी आधी सही करावी, नदी त्यांना सगळ्यात जास्त माहीत आहे. त्या आजोबांनाही विचारणार आहे.