स्कॉटिश कोण हे कोणी ठरवायचं?

१८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडने स्वतंत्र देश व्हावं का यावर मतदान झालं तेव्हा मतदार यादीत माझं नाव होतं आणि अँडी मरेचं नव्हतं. मी कोल्हापूरची, भारतीय पासपोर्टवाली, नोकरीनिमित्त एडिंबरात राहणारी. तो ग्लासगोत जन्मलेला, डनब्लेनमध्ये वाढलेला, विम्बल्डन जिंकलेला, पण राहायला इंग्लंडमध्ये. नियम साधा होता, जो स्कॉटलंडमध्ये राहतो त्याला मत, मग तो ब्रिटिश असो, युरोपियन युनियनमधला असो नाहीतर आपल्यासारखा कॉमनवेल्थमधला. १६ वर्षांच्या मुलांनाही मत होतं. रांगेत माझ्या पुढे एक पोलिश जोडपं होतं आणि मागे शाळेच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी, आणि आम्हा सगळ्यांच्या मताची किंमत सारखीच. मी 'हो'वर फुली मारली. आमची बाजू हरली, ४४.७ टक्के विरुद्ध ५५.३, मतदान ८४.६ टक्के झालं होतं. निकालाचं वाईट वाटलं, पण त्या यादीबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

हे लिहायचं कारण म्हणजे भारतातले मित्रमैत्रिणी फोनवर विचारतात की स्कॉटिश लोक म्हणजे एक वेगळी जमात ना, त्यांचं रक्त वेगळं, भाषा वेगळी, म्हणून त्यांना वेगळं व्हायचंय ना. अहो नाही. एक रक्त, एक भाषा असलेलं स्कॉटलंड इतिहासात कधी नव्हतंच. उत्तरेला पिक्ट लोक, पश्चिमेला आयर्लंडहून आलेले गेल, डम्बार्टनच्या बाजूला वेल्शशी नातं असलेली भाषा बोलणारे ब्रिटन नावाचे लोक, आणि एडिंबरा ज्या लोथियनमध्ये येतं तिथे अँगल, म्हणजे इंग्रजांचेच भाऊबंद. वर बेटांवर नॉर्स लोक. ऑर्कनी आणि शेटलंड तर १४६८-६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने लेकीच्या हुंड्याचे पैसे जमले नाहीत म्हणून गहाण टाकले आणि ते कधी सोडवलेच नाहीत, म्हणून ते आज स्कॉटलंडचे. आणि ज्याच्या नावाने आजही छाती फुगते तो राजा रॉबर्ट ब्रूस, त्याचं घराणं बापाच्या बाजूने नॉर्मन, फ्रेंच बोलणारं.

याच ब्रूसच्या काळात, १३२० मध्ये, स्कॉटिश सरदारांनी पोपला लॅटिनमध्ये एक पत्र पाठवलं, त्याला आर्ब्रोथचं डिक्लेरेशन म्हणतात. त्यात सुरुवातीला लिहिलंय की आम्ही सिथियाहून निघालो, स्पेनमध्ये राहिलो आणि मग इथे आलो. ही सगळी दंतकथा. पण पुढे जे लिहिलंय ते मला फार महत्त्वाचं वाटतं, की हा राजा आमचा खरा, पण उद्या तो आम्हाला इंग्रजांच्या हवाली करायला निघाला तर त्यालाच हाकलून दुसरा राजा करू. ७०० वर्षांपूर्वी, सरंजामी सरदारांनी, राजाच्या हयातीत! त्यात त्यांचा स्वार्थ होता हे मान्य, सामान्य शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं हेही मान्य, तरी राज्य राजापेक्षा मोठं ही कल्पना तिथे शाईत आहे.

मग १७०७. त्याआधी पनामात डेरिएनला वसाहत काढायच्या नादात लोकांनी आयुष्याची कमाई घातली, माणसं तापाने मेली, पैसा बुडाला, देश कंगाल झाला. आणि लंडनशी करार करून एडिंबराची संसद बंद झाली. रस्त्यावर दंगे झाले पण करार झालाच. आता प्रश्न असा की संसद गेली, राजा तर १६०३ पासून लंडनलाच, मग राष्ट्र म्हणून उरलं काय? तर करारातच तीन गोष्टी राखल्या गेल्या. स्वतःचा कायदा आणि कोर्ट, स्वतःचं प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्च, आणि स्वतःच्या युनिव्हर्सिट्या. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावभागात, शाळा हवी असा कायदा १६९६ मध्येच झाला होता, तोही चालू राहिला. माझं ठाम मत आहे की स्कॉटलंड टिकलं ते या गोष्टींमुळे.

याचा अनुभव मला फ्लॅट घेताना आला. इथे विकणाऱ्यानेच आधी होम रिपोर्ट काढून ठेवायचा, त्यात सर्व्हेयरने भिंतीतल्या ओलीपासून छपरापर्यंत सगळं लिहिलेलं असतं. मग एका ठराविक दिवशी दुपारी १२ पर्यंत सगळ्यांनी बंद पाकिटासारखी आपापली ऑफर वकिलामार्फत द्यायची, दुसऱ्याने किती दिले ते कळत नाही. ऑफर लागली की दोन्ही वकील एकमेकांना पत्रं पाठवतात, त्यांना मिसिव्ह म्हणतात, आणि ती पत्रं पूर्ण झाली की सौदा पक्का, तारखेला चावी मिळायच्या आधीच. लीड्समधल्या माझ्या मैत्रिणीने घर घेतलं तेव्हा सर्व्हेचा खर्च तिने केला आणि सगळं ठरल्यावर विकणाऱ्याने जास्त पैसे देणाऱ्याला घर दिलं. ट्रेनने तीन-चार तासांवर, तोच पासपोर्ट, तोच पाउंड, आणि कायदा पूर्ण वेगळा. फौजदारी खटल्यात ज्युरीत १२ नाही तर १५ माणसं. या असल्या रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींनी संसद नसलेली २९२ वर्षं काढली. १९९९ मध्ये नवी संसद बसली तेव्हा सगळ्यात ज्येष्ठ सदस्य विनी युइंग यांनी सांगितलं की १७०७ मध्ये तहकूब झालेली संसद पुन्हा सुरू होत आहे. मी तो व्हिडिओ बघते तेव्हा दरवेळी डोळे भरून येतात.

किल्ट (पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख) आणि टार्टन (त्याचं चौकड्यांचं कापड) यांबद्दल मात्र मला तेवढं प्रेम नाही वाटत. १७४६ मध्ये कलोडनला जॅकोबाइट, म्हणजे हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून द्यायला उठलेले लोक, हरले (आणि ती लढाई इंग्रज विरुद्ध स्कॉट अशी नव्हती, सरकारच्या बाजूनेही कितीतरी स्कॉट लढले), त्यानंतर हायलँडचा, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख घालायला बंदी आली, ती १७८२ पर्यंत. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सोहळा बसवला, राजाने स्वतः किल्ट घातला आणि ज्या लोलँडवाल्यांचे आजोबा हायलँडरांना रानटी म्हणायचे ते सगळे टार्टनमध्ये मिरवायला लागले. त्याच काळात सदरलँडमध्ये मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायची म्हणून हायलँडच्या कुळांना घराबाहेर काढत होते, आणि काढणारे जमीनदार नि त्यांचे कारभारी बरेचसे स्कॉटिशच. माणसं हाकलायची आणि त्यांचे कपडे आपण घालायचे, याचा मला राग येतो.

आणि एक गोष्ट इथल्या मित्रांना मी नेहमी सांगते, की तुम्ही फक्त पीडित नव्हतात. आपल्या मराठी माणसांना तर हे माहीत असायलाच हवं. १८०३ ला जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर जे उभे होते त्यात ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण होती, ७४ वी तर तिथे जवळजवळ कापली गेली. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तो जॉन माल्कम स्कॉटिश, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ बॅन्फचा. मुंबईतलं विल्सन कॉलेज ज्याच्या नावाने आहे तो जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी. ग्लासगोच्या मर्चंट सिटीत फिरा, व्हर्जिनिया स्ट्रीट आणि पुढे जमैका स्ट्रीट, गुलामांनी पिकवलेल्या तंबाखू आणि साखरेचा पैसा तिथल्या दगडात आहे. २०२२ मध्ये ग्लासगो कौन्सिलने त्याबद्दल जाहीर माफी मागितली, उशिरा का होईना. लंडनने आम्हाला गिळलं एवढंच सांगून हा हिशोब मिटत नाही.

बरं, हे 'राहतो तो आपला' म्हणणंही कायमचं नव्हतं हां. १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीपुढे, म्हणजे त्याच्या सर्वोच्च सभेपुढे, चक्क एक अहवाल आला की आयरिश कॅथलिकांमुळे स्कॉटिश वंशाला धोका आहे. ज्या चर्चने राष्ट्र जपलं म्हणून मी वर एवढं कौतुक केलं तेच हे चर्च. कॅथलिक-प्रोटेस्टंट कटुता ग्लासगोत अजून सेल्टिक-रेंजर्स या दोन क्लबांच्या फुटबॉल मॅचच्या दिवशी दिसते. तेव्हा १९२३ पासून २०१४ च्या यादीपर्यंत यायला माणसांना भांडावं लागलंय, कामगार युनियनवाल्यांना, शिक्षकांना, इथे येऊन दुकानं चालवलेल्या पंजाब्यांना. त्याच पंजाबी मुळांचा हमझा युसूफ २०२३ मध्ये फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटिश सरकारचा प्रमुख, झाला. वर्षभरच टिकला, पण त्याला पाडलं ते राजकारणाने, त्याच्या स्कॉटिश असण्यावर विरोधी पक्षाने बोट ठेवलं नाही.

२०२२ च्या जनगणनेत ६५.५ टक्के लोकांनी आपली ओळख 'फक्त स्कॉटिश' अशी लिहिली. त्याच वर्षी लंडनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय एडिंबराची संसद नवं सार्वमत घेऊ शकत नाही. ते कधी होईल, होईल की नाही, यावर इथे रोज वाद चालतात आणि मीही त्यात भांडते. पण २०२० मध्ये एडिंबराच्या संसदेने तिच्या निवडणुकीत निर्वासितांसकट इथे कायदेशीर राहणाऱ्या सगळ्या परदेशी लोकांना मत दिलंय, आणि पुढचं सार्वमत आलंच तर यादी हीच हवी. जिंकायची शक्यता वाढते म्हणून जन्म बघून मतं वाटा असं उद्या माझ्याच बाजूचं कोणी म्हणालं, तर मी त्यांच्या विरोधात उभी राहीन.