मागनं वाजतंय

मे महिना लागला की आमच्या न्यू जर्सीत लोक गॅरेजची दारं उघडून घरातली अडगळ ड्राइव्हवेवर मांडतात आणि खुर्ची टाकून विकायला बसतात. याला गराज सेल म्हणतात. मी मूळचा सांगलीकडचा, आठवडी बाजारात वाढलेला, त्यामुळे कुणी जमिनीवर वस्तू मांडून बसलं की माझी गाडी आपोआप ब्रेक घेते. बायकोने तेवीस वर्षांत या आजारावर सगळे उपाय करून पाहिले आहेत.

त्या दिवशी दहा डॉलरला प्लास्टिकची गिटार मिळाली. वर आठ डॉलरला चार रंगांच्या थाळ्यांचा ड्रम सेट आणि रॉक बँड २ ची तबकडी. "चालतं ना सगळं?" असं मी विचारलं. विकणारे आजोबा म्हणाले, "माझ्या मुलाचं चालायचं." या वाक्यातला भूतकाळ माझ्या लक्षात यायला हवा होता.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २००५ साली प्लेस्टेशन २ या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर (याला कन्सोल म्हणतात) गिटार हीरो नावाचा खेळ आला. त्याच्यासोबत तारा नसलेली गिटार मिळायची. मानेवर पाच बटणं: हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी. पोटावर वर-खाली हलणारी पट्टी, तिला स्ट्रम बार म्हणतात. पडद्यावरून रंगीत ठिपके अंगावर येतात. ठिपका रेषेवर आला की त्या रंगाचं बटण दाबून पट्टी हाणायची. वेळ साधली तर गाणं वाजतं, चुकली तर गिटार खाटकन गप्प होते आणि पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो करतात. २००७ मध्ये रॉक बँड आला, त्याने ड्रम आणि माइक आणून पूर्ण वाद्यवृंदच दिवाणखान्यात बसवला. चार-पाच वर्षं अमेरिकेतली घरं या वाद्यांनी भरून गेली, मग लोकांना कंटाळा आला. २०११ मध्ये गिटार हीरोचं दुकान आवरलं गेलं आणि ती सगळी प्लास्टिकची वाद्यं तळघरांत गेली. तिथून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून माझ्याकडे.

आमच्या बेसमेंटमध्ये लेकीच्या मैत्रिणीकडून आलेला जुना प्लेस्टेशन ३ होता. ड्रमची यूएसबी वायर त्याला लावली, लगेच चालला. गिटारची वायर शोधू लागलो तर वायरच नाही. गिटारच्या पोटात एक खोबण आणि तिच्यात वीतभर केबल, टोकाला पांढरा चपटा प्लग. ती गिटार वीची, म्हणजे निन्टेंडोच्या वी नावाच्या कन्सोलची निघाली. म्हणजे त्या खोबणीत वीचा रिमोट बसवायचा, मग रिमोट गिटारला वीज देणार आणि तिचं म्हणणं हवेतून कन्सोलला कळवणार. रिमोट नसेल तर ती लहान मुलांच्या फोटोत धरायची वस्तू.

या क्षेत्राची गंमत अशी की गिटार सगळ्या सारख्या. बटणं पाच, पट्टी एक, सूर ओढायचा दांडा एक. भाषा मात्र प्रत्येकीची वेगळी. प्लेस्टेशन २ ची गिटार एका तऱ्हेने बोलते, वीची दुसऱ्या, एक्सबॉक्स ३६०ची बिनतारी गिटार स्वतःच्या खासगी लहरींवर. प्लेस्टेशन ३ च्या बिनतारी गिटारसोबत एक चिमुकला डाँगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा रिसीव्हर, येतो; तो हरवला की गिटार मुकी, आणि तो हरवतोच. शिवाय कन्सोलचे स्वभाव निराळे. एक्सबॉक्स वन दारातच ओळखपत्र मागतो. प्लेस्टेशन ४ घरी बनवलेल्या कंट्रोलरला आधी आत घेतो, बसू देतो, आणि आठ मिनिटांनी टीसीसारखा येऊन तिकीट विचारतो. नसेल तर खाली उतरा. या सगळ्यांत प्लेस्टेशन ३ बिचारा साधा. यूएसबीवर जे नाव सांगाल ते मानतो.

म्हणजे मध्ये एक दुभाषी बसवायचा. त्याने वीची गिटार ऐकायची आणि प्लेस्टेशन ३ ला सांगायचं की मी तुझ्याच घरची गिटार आहे. असा दुभाषी चार डॉलरला मिळतो. रास्पबेरी पाय पिको असं त्याचं नाव, २०२१ साली आला, च्युइंगगमच्या पट्टीएवढा सर्किट बोर्ड. त्यात घालायला सँट्रोलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. बाहेर असे तयार दुभाषी, म्हणजे अडाप्टर, मिळतात, पण ते विकत घेतले तर गिटारपेक्षा महाग, आणि त्यात माझं कर्तृत्व काय? मी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. फक्त चार तारा जोडायच्या, त्यात अवघड काय, असं मला वाटलं. (ज्या कामाच्या वर्णनात 'फक्त' हा शब्द येतो, ते काम शनिवारी सुरू करू नये.)

गिटारचा प्लग बसेल असं तोंड हवं होतं म्हणून वीच्या कंट्रोलरची एक एक्स्टेंशन केबल मागवली आणि मधोमध कापली. आत आकृतीत दाखवलेले रंग नव्हते. आकृतीत लाल म्हणजे वीज, पांढरी म्हणजे ग्राउंड, हिरवी आणि पिवळी बोलण्यासाठी. माझ्या केबलमध्ये तपकिरी, काळी, निळी आणि एक अशी, की तिला उजेडात राखाडी म्हणावं आणि दिव्याखाली जांभळी. मग मल्टिमीटर काढला. एक टोक तारेला, दुसरं तोंडातल्या पत्रीला. बीप वाजला की नोंद. एकेक जोडी लागत गेली. मी वहीत सुंदर तक्ता केला, रकाने आखून. दहावीनंतर इतकी स्वच्छ वही मी लिहिली नव्हती.

मग डाग दिले. सोल्डरिंग गनचं टोक पिकोच्या कडेच्या भोकावर टेकवायचं, दोन सेकंद थांबायचं, तार लावायची. कथील पाण्यासारखं पसरतं आणि राळेचा धूर नाकात जातो. पहिला डाग लाडवासारखा झाला, चौथा बऱ्यापैकी. गिटार लावली, यूएसबी लावली. पिकोवर बोट ठेवलं तर चटका. मी बोट तोंडात घालतो तोवर जळका वास आला. शाळेत प्रयोगशाळेतला दिवा विझवल्यावर यायचा, तसलाच काहीसा.

बायको वरून खाली आली. ती इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर, आता बँकेत काम करते; पण वास ओळखायचं शिक्षण आयुष्यभर राहतं. तिने वही पाहिली, केबलचं तोंड पाहिलं, ते माझ्या डोळ्यांसमोर उलटं फिरवलं.

"ही आकृती समोरून काढलेली आहे. तू मागून वाचलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे डावं ते उजवं. ब्लाउज उलटा शिवलायस."

ती एवढंच बोलली आणि वर गेली. त्यापुढे अपमान करायला काही उरलंच नव्हतं. पिको गेला. गिटार मात्र सही-सलामत होती; या जुन्या प्लास्टिकात माणसांपेक्षा जास्त सोशिकपणा असतो.

दुसरा पिको आला. या वेळी तारा बायकोने तपासल्या. वीची उपकरणं तीन पूर्णांक तीन व्होल्टवर चालतात आणि पिकोही, त्यामुळे मध्ये काही लागत नाही. कोड उघडून मी आत काय चाललंय ते छापायला लावलं, आणि इथे मला खरोखर मजा आली. गिटार एका ठरावीक पत्त्यावर राहते: सोळाच्या हिशेबात ५२, म्हणजे आपल्या हिशेबात ८२. तिथे जाऊन आधी दोन शब्द टाकायचे: एफ शून्य नावाच्या खणात ५५, मग एफबी नावाच्या खणात शून्य. ते मिळाले की गिटार कोड्यात बोलणं सोडते. मग विचारायचं, तू कोण? उत्तर आलं: शून्य शून्य, शून्य शून्य, ए चार, वीस, शून्य एक, शून्य तीन. मी ओरडलोच. कारण ड्रम असता तर पहिलं शून्य शून्य न येता शून्य एक आलं असतं. बाकी पाच आकडे तेच. एका आकड्याच्या फरकाने तोच माणूस एकदा गिटारवाला, एकदा ड्रमवाला. आमच्या गावच्या बँडात असंच असायचं: लग्नात क्लॅरिनेट, मिरवणुकीत ढोल, माणूस तोच.

प्लेस्टेशन ३ ला लावली. पडद्यावर गिटारचं चित्र उजळलं. मी हिरवं दाबलं, मेनू पुढे सरकला. लेकीने टाळ्या वाजवल्या, म्हणजे मोबाइल खाली ठेवला. या वयात तेवढी दाद पुष्कळ.

गाणं सुरू केलं. तेवीस टक्के.

दुसरं गाणं. एकोणतीस. प्रेक्षक हुर्यो करत होते. ठिपका अगदी रेषेवर आल्यावर मी पट्टी हाणत होतो, तरी चुकत होतं. आता हा दोष माझा असणं शक्य नव्हतं, कारण शाळेत मी टाळ वाजवायचो. दोष अडाप्टरचा. तीन रात्री मी त्या अडाप्टरवर बसलो. तारा आखूड केल्या. 'पुल-अप' नावाचे रेझिस्टर घातले, काढले, दुसरे घातले. डाग विरघळवून पुन्हा दिले. कोडमध्ये काही आकडे बदलले आणि नंतर मूळ आकडे काय होते ते आठवेना. चौथ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने माझं मत विचारलं तेव्हा मी तोंडातून "पुल-अप" असं काहीतरी बोललो.

त्याच आठवड्यात अण्णा आले. माझे वडील, दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात येतात. वय शहात्तर. गावच्या भजनी मंडळात पन्नास वर्षं मृदंग. जेट लॅग उतरेपर्यंत बेसमेंटमध्ये येऊन बसायचे.

"काय करायलास रं?"

मी सांगितलं. त्यांना गिटारीत रस नव्हता. "ह्याला तार कुठाय?" म्हणाले आणि विषय संपवला. ड्रमकडे मात्र बराच वेळ बघत राहिले. पेडलची प्लास्टिकची पट्टी मधोमध चिरलेली होती. तिच्या खाली त्यांनी लाकडाची फळी लावून दोन स्क्रू मारले. आत काय आहे ते उघडून पाहिलं तर फक्त एक लोहचुंबक आणि काचेच्या नळीतला बारीक स्विच. "बस, एवढंच?" त्यांचा अमेरिकेबद्दलचा आदर थोडा उतरला.

मग काठ्या घेऊन बसले. मी सोपं गाणं लावून दिलं. कोणता रंग कुठे ते समजायला दोन गाणी गेली. तिसऱ्या गाण्यात त्यांचा हात बसला. हात बसला म्हणजे असा, की लेक मोबाइल विसरली. काठी थाळीवर पडायची ती गाण्याच्या ठोक्याबरोबर, केसभर इकडेतिकडे नाही. पडद्यावरचा निकाल: एकतीस टक्के.

अण्णांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. "आरं, मी सम गाठलीया. ह्यो म्हणतोय चुकलं."

"अण्णा, ठिपक्याकडे बघून वाजवायचं."

"बघून कोण वाजवतं? ऐकून वाजवायचं." मग थोडं थांबून, पडद्याकडे बोट करून, "तुझं हे गाणं मागनं वाजतंय. आणि चित्र त्याच्याही मागनं येतंय."

बायको जिन्यात उभी होती. तिने विचारलं, "ड्रम कशाला जोडलाय?"

"सरळ प्लेस्टेशनला. यूएसबीने."

"म्हणजे तुझ्या अडाप्टरशिवाय."

बेसमेंट एकदम शांत झालं. तीन रात्री मी ज्याला उलटं टांगून मारत होतो, तो आरोपी गुन्ह्याच्या वेळी गावातच नव्हता.

गुन्हेगार भिंतीवर होता. पंचावन्न इंची टीव्ही, चित्र सुंदर दिसावं म्हणून प्रत्येक फ्रेम घासूनपुसून दाखवणारा. त्यात थोडा वेळ जातो. आवाज वेगळ्या साउंडबारमधून, त्याला त्याचा वेगळा वेळ. सिनेमा बघताना हे कळत नाही. या खेळात मात्र कन्सोल म्हणतो ठोका आत्ता, आणि आपल्याला तो दिसतो आणि ऐकू येतो सेकंदाच्या दहाव्या भागाने नंतर. म्हणून डोळ्याने वाजवणारा मी एका मापाने उशिरा, कानाने वाजवणारे अण्णा दुसऱ्या मापाने. खेळाच्या मेनूत या दोन्हींसाठी दोन आकडे भरायची सोय पहिल्यापासून होती. मी ती पाहिली नव्हती. मी सोल्डर करत होतो.

टीव्हीला गेम मोड लावला, त्यामुळे बराच उशीर गेला. उरलेला आकडा काढायचं काम अण्णांनी केलं. खेळ ठोके ऐकवतो, आपण त्याबरोबर वाजवायचं, मग तो हजारांश सेकंदात सांगतो किती फरक आहे. माझ्या हाताने दर वेळी वेगळा आकडा यायचा: साठ, नव्वद, चाळीस. अण्णांच्या हाताने एक्कावन्न, बावन्न, एक्कावन्न. मी एक्कावन्न भरला. पुढच्या गाण्यात त्यांना ब्याण्णव टक्के पडले आणि प्रेक्षकांनी जे नाचायला सुरुवात केली ती थांबेचना. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. भजनात कोणी डोलतंय म्हणून मृदंगवाला मान वर करत नाही.

मला त्रेसष्ट टक्के. अडाप्टर निर्दोष सुटल्यामुळे आता दोष देण्यासारखं घरात एकच उरलं होतं.

ऑक्टोबरात अण्णा परत गेले. कार्तिकीला व्हिडिओ कॉलवर एकत्र अभंग म्हणायचं ठरलं: तिकडे मृदंग, इकडे मी टाळ आणि लेकीच्या हातात ती गिटार, नुसती धरायला. पहिल्याच कडव्यात माझे टाळ कुठेतरी अरबी समुद्रावर आणि अण्णांचा ठेका भलतीकडेच. त्यांनी हात थांबवला, फोन डोळ्यांजवळ घेतला. पडद्यावर नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"आरं, तुमच्या त्या अमेरिकेला गेम मोड हाय का न्हाई?"