रुणझुण हा भुंग्याचा शब्द आहे

रुणझुण म्हटलं की आज सगळ्यांना पैंजणच आठवतात. पैंजणांनी खुशाल रुणझुणावं. पण हा शब्द भुंग्याचाही आहे आणि फार जुना आहे, हे आपण विसरत चाललोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘रुणुझुणु रुणुझुणु रे भ्रमरा’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कार्यक्रमांच्या निवेदनात मात्र त्याचा अर्थ ‘पैंजणांचा नाद’ असा सांगितलेला मी ऐकलाय. अहो, तिथे पैंजण आले कुठून? ज्ञानेश्वर बोलतायत भ्रमराशी, म्हणजे मनाशी. ही रुणुझुणु त्याची स्वतःची, घिरट्या घालतानाची. म्हणून तर पुढे त्याला चरणकमळाच्या पाकळीवर निश्चळ व्हायला सांगितलंय.

आणि हा काही त्यांनी तिथल्या तिथे घडवलेला शब्द नव्हे. त्यांच्या दीडेकशे वर्षं आधी, बाराव्या शतकात, गुजरातेत हेमचंद्र या जैन आचार्याने व्याकरण लिहिलं. त्यात अपभ्रंश भाषेचे, म्हणजे प्राकृतानंतरच्या आणि मराठी-गुजरातीच्या आधीच्या बोलीचे, नियम सांगताना उदाहरणादाखल एक दोहा दिलाय. त्याची सुरुवातच ‘भमर, म रुणझुणि’ अशी आहे. अरे भ्रमरा, रानात रुणझुणू नकोस, त्या दिशेला बघून रडू नकोस. जिच्या विरहाने तू मरतोयस ती मालती परदेशी गेली. व्याकरणाच्या पुस्तकात हे असं काळीज हलवणारं सापडतं!

शब्द उघडच आवाजावरून आलाय. घोंगावणं, भुणभुण, गुणगुण हे त्याचेच भाऊबंद. पण माशी घोंगावते, डास कानाशी गुणगुणतो, आणि भुणभुण तर माणसंही लावतात. ‘गुंजारव’ सुंदर आहे, पण तो बोलण्यात येत नाही, पुस्तकातच राहतो.

फुलावर आलेल्या वांग्याच्या झाडापाशी सकाळी थोडा वेळ थांबा. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा येतो तेव्हा त्याचा सूर खर्जातला, लांबलचक असतो. मग तो फुलाला लटकतो, पिवळे पुंकेसर घट्ट धरतो, पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो. आवाज एकदम चढा आणि तुटक होतो. पुंकेसराच्या टोकाला बारीक छिद्र असतं, त्यातून मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग बाहेर पडतात. मधमाशीला हे जमत नाही. मला तरी त्या लांब सुरात ‘रुण’ आणि तुटक सुरात ‘झुण’ स्पष्ट ऐकू येतं.

तुमच्या भागात भुंग्याच्या आवाजाला काय म्हणतात? वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कुठलाही शब्द असो, खाली जरूर लिहा.