धास्ती कुठून आली : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, ‘धास्ती’ हा शब्द अरबी ‘दहशत’वरून आला, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “शहरात बसून गावाची भाषा शिकवू नका. धास्ती हा ‘धस्स’वरून आलेला अस्सल मराठी शब्द आहे, त्याला अरबी ठरवणं ही फॅशन झाली आहे.” पुढे धाकधूक आणि हुरहूर यांचा मी घोळ घातला, संदर्भ दिले नाहीत आणि लेख लांबला, हेही सुनावलंत.

हुरहुरीचं मान्य. तिच्यात भीती असलीच पाहिजे असं नाही. लेक सासरी गेल्यावर आईला लागते ती हुरहूरच. ते वाक्य मी दुरुस्त करतो. लांबीबद्दल काही बोलायचं नाही.

पण “शहरात बसून” हे कशावरून? माझं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आहे. वडिलांनी जन्मभर कापूस पिकवला. मी निंदणाला गेलोय, डुकरं हाकलायला रात्रीच्या जागलीला बसलोय. 2018 साली वनखात्यानं टी-1 असं नाव दिलेली वाघीण आमच्या भागात फिरत होती. 13 माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. ऐन वेचणीच्या दिवसांत बाया वावरात एकट्यादुकट्या जात नव्हत्या. आई म्हणायची, “वाघ दिसला नाही, पन मनात धास्ती भरली ना मले.” 2 नोव्हेंबरच्या रात्री वाघिणीला गोळी घातली, त्यानंतरही कितीतरी दिवस आई नाल्याकडच्या पिकाच्या तासांत उतरत नव्हती. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली. त्यानंतरच्या हंगामात बोंड फोडून पाहताना वडिलांचा हात थरथरायचा. हे मी वाचून लिहिलेलं नाही. तुम्ही कोणत्या गावचे ते मी विचारलं नाही, आणि माझं गाव न विचारता मला शहरात बसवायचा अधिकार तुम्हालाही नाही.

याच अनुभवामुळे मला ‘धस्स’ची व्युत्पत्ती पटत नाही. काळजात धस्स होतं ते एका क्षणात, आणि त्यातून राहतो तो धसका. धसका गोष्ट घडून गेल्यावरचा, धास्ती ती घडायच्या आधीची. घडणही तपासा. धस-धसका, चट-चटका, झट-झटका. नादावरून आलेल्या शब्दाला ‘का’ लागतो, असे शब्द मराठीत ढिगानं आहेत. पण ‘ती’ लागून चटती, झटती झाल्याचं तुम्ही ऐकलंय का? आणि ‘धस’मधला अ दीर्घ का झाला, त्याचं उत्तर काय?

दहशत धरली की दोन्ही गोष्टी सुटतात. आपल्याकडे ‘दहा’चं ‘धा’ होतं, ‘दहावी’ची ‘धावी’ होते. द आणि ह एकत्र येऊन ध होतो आणि पुढचा स्वर लांबतो. तसंच दहशतचं धास्त झालं. शेवटची ई मस्ती-सुस्तीच्या वळणानं लागली असावी, असं मला वाटतं. अरबीत मूळ अर्थ भांबावणं, थक्क होणं असा आहे, भीतीचा रंग नंतर गडद झाला. आज मराठीत दहशत ही दुसऱ्यानं बसवायची गोष्ट आहे, गुंडाची दहशत असते. धास्ती मात्र ज्याची त्याला वाटते. एकाच शब्दाची दोन रूपं झाली आणि दोघांनी कामं वाटून घेतली.

हे शब्द वऱ्हाडात कुणी काल आणून टाकलेले नाहीत. अचलपूरला इमादशाही 1490 साली उभी राहिली आणि 1574 पर्यंत टिकली. मग मुघल आले, मग निजाम, आणि 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. इतक्या काळात शेतसाऱ्याची भाषा घराघरांत शिरली. खरीप अरबी, रब्बी अरबी, कर्ज अरबी, तहसीलही अरबीच. जमीन आणि हंगाम फारशी. तुम्ही ज्याच्या जोरावर मला झापलंत तो ‘अस्सल’सुद्धा अरबी ‘अस्ल’वरून आलेला आहे. माझ्या आईच्या तोंडी हे सगळे शब्द आहेत. तिची मराठी कमअस्सल आहे असं तुम्ही म्हणत असाल, तर तसं स्पष्ट लिहा. मी ते ऐकून घेणार नाही, हेही आताच सांगतो.

संदर्भांचं म्हणाल तर शब्दकोश तुमच्याही घरी असेल, उघडा. आणि नादावरून बनलेला, ‘ती’नं संपणारा एक जरी शब्द मिळाला, तर इथेच लिहा. पण मुद्दा लिहा, माझा पत्ता नको.